रोटरचं पातं संगणकावर उतरवताना: नवख्यांसाठी क्रमवार वाट

हेलिकॉप्टरच्या रोटरवर काम करायचं ठरलं की बहुतेक जण थेट सीएफडीचं, म्हणजे हवेचा प्रवाह संगणकावर सोडवण्याचं, सॉफ्टवेअर उघडतात. मग जाळी (हवेच्या जागेचे छोट्या पेशींत केलेले तुकडे) बनवण्यात एक अख्खं सत्र जातं. शेवटी भोवऱ्यांचं देखणं रंगीत चित्र हाती येतं, पण परीक्षकाने "थ्रस्ट (रोटरचं वर उचलणारं बल) किती आला आणि तो बरोबर कशावरून?" असं विचारलं की पंचाईत होते. या लेखातली वाट उलटी आहे: आधी कागदावर सुटणारं गणित, मग छोटा कोड, मग पात्याची रचना, मग दोन्हींची सांगड आणि सीएफडी सगळ्यात शेवटी. नियम एकच पाळायचा. प्रत्येक पायरीवर आपल्या कोडमधून न आलेला एक तरी आकडा समोर ठेवायचा आणि तो जुळल्याशिवाय, किंवा का जुळत नाही हे कळल्याशिवाय, पुढे जायचं नाही.

मेकॅनिकल किंवा एरोस्पेसच्या तिसऱ्या वर्षापर्यंतचं गणित आणि कामापुरतं पायथन येत असेल तर पुरे. पहिल्या चार पायऱ्यांना साधा लॅपटॉप चालतो.

पातं म्हणजे फिरणारा पंख, पण एवढंच नाही

ब्लॅक हॉक या अमेरिकी लष्करी हेलिकॉप्टरच्या यूएच-६०ए आवृत्तीचा रोटर घ्या. चार पाती, त्रिज्या ८.१८ मीटर, मिनिटाला २५८ फेरे. म्हणजे टोकाचा वेग सेकंदाला सुमारे २२१ मीटर. टोकाशी केंद्राभिमुख त्वरण काढलं तर ते गुरुत्वाच्या सहाशे पट निघतं. तिथे एक किलोचं वजन बसवलं तर ते जवळजवळ सहाशे किलोच्या जोराने बाहेर ओढतं. उभ्या हेलिकॉप्टरची पाती स्वतःच्या वजनाने खाली झुकलेली दिसतात आणि फिरू लागली की ताठ होतात, ती याच ओढीमुळे. वर-खाली वाकण्याला होणारा विरोध मुख्यतः फिरण्यातून येतो, साहित्यातून कमी. म्हणून "आधी रचना वेगळी सोडवू, हवेचं नंतर बघू" हा विमानाच्या पंखाला बऱ्यापैकी चालणारा हिशोब इथे फसतो.

दुसरी अडचण पुढे उडताना येते. हेलिकॉप्टर सेकंदाला ८० मीटरने पुढे जात असेल तर पुढे येणाऱ्या पात्याच्या टोकाला ३०१ मीटरचा वारा लागतो आणि मागे जाणाऱ्याला १४१ चा. मागे जाणाऱ्या पात्याच्या मुळाजवळ तर हवा उलटी, मागच्या कडेकडून पुढच्या कडेकडे वाहते. एका फेरीत, म्हणजे पाव सेकंदाहूनही कमी वेळात, एकाच पात्याला एका बाजूला ध्वनिवेगाजवळचा प्रवाह आणि दुसऱ्या बाजूला स्टॉल (कोन फार वाढल्याने लिफ्ट कोसळणं), दोन्ही भेटतात. तुमच्या मॉडेलला हे दोन्ही झेपलं पाहिजे, पण पहिल्या दिवशी नाही.

पायरी १: मोजलेला, साधा रोटर निवडा

सुरुवातीला माझी शिफारस नेहमी एकाच रोटरची असते: कॅराडोना आणि तुंग यांनी १९८१ मध्ये नासाच्या एम्स केंद्रातून प्रसिद्ध केलेला प्रयोग. दोन पाती, त्रिज्या १.१४३ मीटर, रुंदी म्हणजे कॉर्ड ०.१९०५ मीटर, मुळापासून टोकापर्यंत नाका ००१२ हाच ठरीव, वर-खाली सारखा छेद, पीळ नाही, निमुळतेपणा नाही. पाती इतकी ताठ की रचनेचा विचार तूर्त बाजूला ठेवता येतो. रोटर जागच्या जागी फिरतोय, म्हणजे हॉवर. पात्याच्या पाच ठिकाणी पृष्ठभागावरचा दाब मोजलेला आहे. तो पुढे सीएफडीच्या वेळी कामाला येईल.

यातलं ८ अंश पिच (पातं बसवलेला कोन) आणि टोकाला मॅक (वेग भागिले ध्वनिवेग) ०.४३९, म्हणजे मिनिटाला १२५० फेरे, हे उदाहरण घ्या. मोजलेला थ्रस्ट गुणांक ०.००४६ आहे. थ्रस्टला हवेची घनता, रोटर-चकतीचं क्षेत्रफळ आणि टोकाच्या वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराने भागलं की हा गुणांक मिळतो. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा.

आता कागदावर करून बघा. सॉलिडिटी म्हणजे पात्यांचं क्षेत्रफळ भागिले चकतीचं क्षेत्रफळ. ती इथे ०.१०६ येते. लिफ्टचा उतार दर रेडियनला ५.७३ धरा. ८ अंश म्हणजे ०.१३९६ रेडियन. (अंश आणि रेडियन यांची गल्लत हा या क्षेत्रातला सर्वात जुना रोग आहे, कोडमध्ये सगळीकडे रेडियनच ठेवा.) हवा रोटरमधून सर्वत्र सारख्याच वेगाने खाली जाते असं मानलं (हा वेग भागिले टोकाचा वेग म्हणजे इनफ्लो) तर दोन समीकरणं हाती येतात:

थ्रस्ट गुणांक = (सॉलिडिटी × उतार ÷ २) × (पिच ÷ ३ − इनफ्लो ÷ २)

इनफ्लो = वर्गमूळ (थ्रस्ट गुणांक ÷ २)

एक अंदाज धरून दोन्ही आलटून पालटून दहा-बारा वेळा सोडवा. उत्तर ०.००५९ वर स्थिरावतं. मोजलेल्यापेक्षा हे पाव हिश्शाहून जास्त आहे. निराश होऊ नका, हा फरक कुठून येतो हे शोधणं हेच पुढचं काम आहे.

पायरी २: पात्याचे तुकडे करा

आता पात्याचे ४०-५० तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्यावर संवेगाचा आणि लिफ्टचा हिशोब एकत्र जुळवा. यालाच ब्लेड एलिमेंट मोमेंटम पद्धत म्हणतात. हॉवरमध्ये प्रत्येक तुकड्याचा इनफ्लो वर्गसमीकरणाने थेट सुटतो, पुनरावृत्तीचीही गरज नाही. पन्नासेक ओळींत काम होतं.

हे केलंत की थ्रस्ट गुणांक ०.००६१ येईल. म्हणजे आधीपेक्षा वाईट! मॉडेल सुधारलं की उत्तर मोजमापाजवळ जातंच असं नाही. पहिल्या हिशोबात दोन चुका एकमेकींना थोड्याफार खात होत्या, त्यातली एक आता निघून गेली एवढंच. पुढे प्रांटलचा टिप-लॉस गुणक लावा. टोकाजवळ दाब खालून वर निसटतो, लिफ्ट शून्याकडे जाते, ते हा गुणक ढोबळपणे पकडतो. उत्तर ०.००५६ पर्यंत उतरतं. तरी वीसेक टक्के जास्तच.

उरलेला फरक कोडमधली चूक नाही, गृहीतकांची मर्यादा आहे. या पात्याची लांबी कॉर्डच्या जेमतेम सहा पट आहे, त्यामुळे "प्रत्येक तुकडा स्वतंत्र" ही कल्पना टोकाजवळ कोलमडते. शिवाय एका पात्याच्या टोकातून सुटलेला भोवरा लगेच मागून येणाऱ्या पात्याच्या जवळून, थोडा खालून जातो आणि त्याच्या बाहेरच्या भागावरची लिफ्ट विस्कटून टाकतो. तुकड्यांच्या पद्धतीला हा भोवरा दिसतच नाही. तो दिसायला भोवऱ्यांची पद्धत लागते: पात्यामागचा वेक, म्हणजे मागे सुटलेली ढवळलेली हवा, भोवऱ्यांच्या धाग्यांनी किंवा कणांनी मांडायचा आणि त्याला स्वतःच्या वेगाने वाहू द्यायचं. त्यासाठी मिलान पॉलिटेक्निकमध्ये तयार झालेलं डस्ट हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर चांगलं आहे. लॅपटॉपवर चालतं आणि सीएफडीच्या मानाने फार कमी वेळ घेतं. माझ्या मते नवख्याने सीएफडीआधी इथे सर्वात जास्त वेळ द्यावा. रोटरची हवा म्हणजे मुख्यतः त्याचा वेक, आणि तो डोळ्यांना इथे दिसतो.

छेदाचे लिफ्ट, ड्रॅग आणि मोमेंटचे (छेदाला पिळणाऱ्या आघूर्णाचे) तक्ते कुठून आणायचे? एमआयटीच्या मार्क ड्रेला यांचं एक्सफॉइल हे सॉफ्टवेअर कमी मॅकला आणि स्टॉलच्या अलीकडे ठीक आहे. त्यापलीकडे त्यावर विसंबू नका. पुढच्या उड्डाणासाठी तक्ता उणे १८० पासून १८० अंशांपर्यंत आणि मॅक ०.९ च्या आसपासपर्यंत लागतो, कारण उलट्या प्रवाहाच्या भागात कोन कुठेही जाऊ शकतो. स्टॉलच्या पलीकडचे आकडे शक्यतो पवनबोगद्यातल्या चाचण्यांचेच घ्या. तक्त्यात मोमेंटचा रकाना रिकामा सोडू नका. हॉवरच्या थ्रस्टला त्याने फारसा फरक पडत नाही, पण पुढे पात्याच्या पिळाचं गणित त्याच्यावरच उभं राहतं.

पायरी ३: छेदाचे गुणधर्म

आता रचना. आधुनिक पातं आतून साधारण असं असतं: पुढच्या बाजूला डी आकाराचा स्पार (मुख्य भार पेलणारा कणा), मागे फोम किंवा मधमाशांच्या पोळ्यासारखा गाभा, वर तंतुमिश्रित कातडी, आणि नाकात जड धातूची पट्टी. तंतू पात्याच्या लांबीच्या दिशेने टाकले की वाकण्याला ताठपणा येतो, ४५ अंशांत आडवेतिडवे टाकले की पिळाला. संगणकाला पात्याचा अख्खा त्रिमितीय घन फारसा द्यावा लागत नाही. ठिकठिकाणचे छेद घेऊन प्रत्येकाचे मोजके आकडे काढायचे: दर मीटर वस्तुमान, दोन दिशांना वाकण्याचा ताठपणा, पिळाचा ताठपणा, वस्तुमानकेंद्र आणि लवचीक अक्ष कुठे आहे ते. यासाठी वॅब्स आणि डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठाचं बेकास ही साधनं वापरात आहेत.

पण साधनाला खरा छेद देण्याआधी आयताकृती अॅल्युमिनियमची पट्टी द्या. तिची सगळी उत्तरं पाठ्यपुस्तकात आहेत. मग पातळ भिंतीची बंद नळी द्या. तिचा पिळाचा ताठपणा ब्रेटच्या सूत्राने हाताने काढता येतो: बंद क्षेत्रफळाच्या वर्गाची चौपट, भागिले परिघाभोवती लांबी-भागिले-जाडीची बेरीज, आणि गुणिले शिअर मापांक. इथे एक खोड दिसून येते. मागच्या कडेला वरची आणि खालची कातडी जाळीत नीट चिकटलेली नसेल, नोड्स एकाच जागी पण वेगवेगळे असतील, तर चित्रात छेद बंद दिसतो आणि गणितात उघडा असतो. वाकण्याचा ताठपणा जवळपास बरोबर येतो, पिळाचा मात्र कोसळतो, कारण उघड्या पातळ छेदाला पिळाचा विरोध जवळजवळ नसतोच. वाकणं बरोबर आणि पीळ फारच मऊ असं दिसलं की आधी मागची कड तपासा.

नाकातल्या जड पट्टीचं कारणही इथेच समजून घ्या. लिफ्ट कॉर्डच्या पहिल्या पाव भागाजवळ लागते. वस्तुमानकेंद्र त्याच्या मागे गेलं तर पातं वर उचललं जाताना नाक वर पिळवटतं, लिफ्ट आणखी वाढते, आणि फ्लटरची, म्हणजे आपोआप वाढत जाणाऱ्या थरथरीची, वाट मोकळी होते. म्हणून वस्तुमानकेंद्र पाव कॉर्डवर किंवा त्याच्या पुढे आणलं जातं. तुमच्या छेदाचं केंद्र चाळीस टक्क्यांवर येत असेल तर बहुधा नाकातलं वजन घालायचं राहिलंय.

पायरी ४: फिरणारा बीम

हे छेद ओवून बीम तयार होतो. मोठ्या विस्थापनासाठी आज भूमितीदृष्ट्या अचूक बीमचा सिद्धांत वापरतात. १९७४ चं हॉजेस आणि डॉवेल यांचं काम हा याआधीचा महत्त्वाचा टप्पा. तुम्ही कोड स्वतः लिहा किंवा मिलानचंच एमबीडाइन घ्या, तपासण्या त्याच:

फिरवायचं नाही, एक टोक घट्ट धरायचं. एकसारख्या बीमची पहिली कोनीय वारंवारता ३.५१६ गुणिले वर्गमूळ (वाकण्याचा ताठपणा भागिले [दर मीटर वस्तुमान गुणिले लांबीचा चौथा घात]) यायलाच हवी. दहा-बारा घटकांत ती चार अंकांपर्यंत जुळते.

मग फिरवा. पहिल्या वारंवारतेचा वर्ग म्हणजे स्थिर वारंवारतेचा वर्ग अधिक फिरण्याच्या वेगाच्या वर्गाची सुमारे १.२ पट. वेग वाढवला तरी वारंवारता तशीच राहिली, तर केंद्रोत्सारी ताणामुळे येणारा भौमितिक ताठपणा कोडमध्ये घातलेलाच नाही.

मुळाशी बिजागरी ठेवा आणि साहित्याचा ताठपणा शून्य करा. फिरण्याच्या वेगाच्या पटीत वारंवारता १, २.४५, ३.८७ अशा याव्यात. बिजागरी केंद्रापासून त्रिज्येच्या ५ टक्के बाहेर नेली तर ताठ पात्याची पहिली वारंवारता १.०४ होते. ही तपासणी मला फार आवडते, कारण यात साहित्याचा एकही आकडा लागत नाही आणि तरी कोडमधली निम्मी चिन्हांची गल्लत उघडी पडते.

शेवटी पीळ. पिचच्या अक्षाभोवती मोकळं सोडलेलं सपाट पातं फिरताना आपोआप सपाट व्हायला बघतं आणि त्याची वारंवारता बरोबर एका फेरीला एक येते. हा परिणाम कोडमधून सुटला तर पायलटला लागणाऱ्या पिच-नियंत्रणाच्या बलाचा हिशोब चुकणार.

यानंतर वारंवारता विरुद्ध फेऱ्यांचा आलेख काढा, ज्याला पंखा-आलेख म्हणतात. नेहमीच्या वेगाला कुठलीही वारंवारता फेरीच्या पूर्णांक पटीवर बसू नये. चार पात्यांच्या रोटरमध्ये ३, ४ आणि ५ या पटी जास्त जपायच्या, कारण पात्यावरच्या याच तिघी हेलिकॉप्टरच्या सांगाड्यात चारच्या पटीची थरथर पोचवतात.

ध्रुव हेलिकॉप्टरसारख्या बिजागरीविना रोटरमध्ये बिजागरीचं काम मुळाजवळचा लवचीक भाग करतो. तिथे छेदाचे गुणधर्म झपाट्याने बदलतात. घटक तिथे दाट ठेवा, बाहेर विरळ चालतात.

पायरी ५: पुढचं उड्डाण आणि ट्रिम

हॉवर सोडून पुढे निघालं की नवी भानगड येते: नियंत्रणं किती ठेवायची हे तुम्हाला माहीत नसतं. सामूहिक पिच (सगळ्या पात्यांचा एकत्र) आणि दोन चक्रीय पिच (फेरीत पात्याच्या जागेनुसार बदलणारे) असे तीन अज्ञात. हवा असलेला थ्रस्ट आणि हबवरचे (पाती बसतात त्या मध्यावरचे) दोन मोमेंट अशी तीन लक्ष्यं. प्रत्येक नियंत्रण थोडं हलवून तिन्ही लक्ष्यांवर किती फरक पडतो ते बघा, तीन बाय तीनचा मॅट्रिक्स बनवा, न्यूटनची पद्धत लावा. यालाच ट्रिम म्हणतात. ट्रिम न करता काढलेले पात्यावरचे भार कुणाच्याही उपयोगाचे नाहीत, कारण ते वेगळ्याच उड्डाणाचे असतात.

पात्याच्या जागेचा कोन शेपटीवर शून्य धरून फिरण्याच्या दिशेने मोजतात. अमेरिकी रोटर वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतात, फ्रेंच आणि रशियन घड्याळाप्रमाणे. दुसऱ्याची माहिती वापरताना हे आधी बघा. इनफ्लोसाठी सुरुवातीला पिट-पीटर्सचं मॉडेल पुरतं. मागे जाणाऱ्या बाजूच्या स्टॉलसाठी लीशमन-बेडोज.

पायरी ६: सांगड

इथे दोन वेगळे धडे एक होतात. हवेचा मोमेंट पातं पिळतो, पिळामुळे कोन बदलतो, कोन बदलला की हवेचं बल बदलतं. टोकाला एखाद-दोन अंशांचा पीळही मोठा असतो, कारण मुळात कोनच काही अंशांचे असतात.

याचा धडा ब्लॅक हॉकने दिला. १९९३-९४ मध्ये यूएच-६०ए च्या पात्यावर दाबमापकं बसवून उड्डाणं झाली आणि अफाट माहिती जमली. त्या काळच्या सर्वंकष (हवा, रचना आणि ट्रिम एकत्र सोडवणाऱ्या) कोड्सना वेगवान उड्डाणातल्या पुढे येणाऱ्या पात्यावरच्या लिफ्टची वेळ आणि पिच-दांड्यावरचं (पात्याचा कोन बदलणाऱ्या दांड्यावरचं) बल नीट जमत नव्हतं. अमेरिकी लष्कराचे संशोधक विल्यम बाउसमन यांनी १९९९ मध्ये हे प्रश्न ठळकपणे मांडले. पुढे २००४ च्या सुमारास पॉट्सडॅम, यो आणि जॉन्सन यांनी ओव्हरफ्लो हा सीएफडी कोड आणि कॅमरॅड-२ हा सर्वंकष कोड जोडून दाखवले, आणि चित्र बदललं. सीएफडीने मोमेंट नीट दिला, त्यामुळे पीळ नीट आला, त्यामुळे लिफ्टची वेळ जुळली. मोमेंटचा रकाना रिकामा सोडू नका असं वर म्हटलं, ते यासाठी.

त्यांची पद्धत तुम्हीही वापरू शकता. पूर्ण एक फेरी दोन्ही कोड स्वतंत्र चालतात. मग सीएफडीचं बल आणि सर्वंकष कोडचं स्वतःचं साधं बल यांतला फरक पुढच्या फेरीत सर्वंकष कोडच्या बलात मिळवायचा, पुन्हा ट्रिम करायचं, नवी विस्थापनं सीएफडीला द्यायची. शेवटी साध्या बलाचा वाटा वजा होऊन जातो आणि सीएफडीचंच बल उरतं. साधं मॉडेल मात्र हवंच, ते गणिताला दमन देतं आणि उत्तर भरकटू देत नाही. घरच्या घरी करायचं तर डस्ट आणि एमबीडाइन यांना प्रीसाइस या जोडणी-ग्रंथालयाने बांधा. तिन्ही फुकट आहेत.

सरावाला हार्ट-२ चा रोटर घ्या. २००१ मध्ये नेदरलँड्समधल्या डीएनडब्ल्यू पवनबोगद्यात बीओ-१०५ हेलिकॉप्टरच्या रोटरची ४० टक्के मापाची प्रतिकृती तपासली होती: चार पाती, त्रिज्या २ मीटर, कॉर्ड १२१ मिलिमीटर, मिनिटाला १०४१ फेरे, टोकापर्यंत ८ अंशांचा पीळ. छेदांचे गुणधर्म आणि मोजलेली विस्थापनं दोन्ही उपलब्ध आहेत. असा संच क्वचितच मिळतो.

पायरी ७: आता सीएफडी

परत कॅराडोना-तुंगकडे या. एसयू२ या मुक्तस्रोत कोडच्या तपासणी-उदाहरणांत हाच रोटर आहे. हॉवरमध्ये फिरत्या चौकटीत प्रवाह स्थिर मानता येतो आणि दोन पाती सारखी असल्याने अर्ध्याच भागाची जाळी पुरते. आधी घर्षणाविना सोडवा, दाबाचे आलेख मोजलेल्या पाच जागांशी ताडून बघा, मग घर्षण घाला. घर्षणासह करताना भिंतीलगतचा पहिला थर असा ठेवा की वाय-प्लस (भिंतीपासूनचं एकक नसलेलं अंतर) एकच्या आसपास येईल.

जाळीतली खरी अडचण पात्याजवळ नसते, खाली असते. जाड जाळीत टोकाचा भोवरा अर्ध्या फेरीतच विरून जातो. तो निसर्गाने नाही, गणिताने विरवलेला असतो, आणि तसा तो पुढच्या पात्याजवळ पोचला तर थ्रस्ट पुन्हा जास्तच येणार. भोवऱ्याच्या वाटेवर पेशींचा आकार कॉर्डच्या दहा टक्क्यांवर आणा, जमलं तर पाच. तीन जाळ्यांवर थ्रस्ट काढा. दुसऱ्या आणि तिसऱ्या जाळीत तो एक-दोन टक्क्यांपेक्षा जास्त हलत असेल तर दाबाचे आलेख कितीही छान जुळोत, प्रबंधात लिहू नका. उशाशी तुमचा डस्टचा निकाल ठेवा: त्यातली भोवऱ्याची खोली आणि सीएफडीतली खोली एकमेकींच्या जवळ असायला हवीत. नसतील तर पहिला संशय जाळीवर, दुसरा दूरच्या सीमेवर. ती रोटरपासून काही त्रिज्या लांब नसेल तर खाली जाणारी हवा फिरून वरून परत आत येते, आणि तेव्हा थ्रस्टचा आलेख स्थिर व्हायचं नावच घेत नाही.